विश्लेषण : दातांचा ‘थ्रीडी स्कॅन’ खरेच गरजेचा असतो का? सीबीसीटी कधी करावा, कधी टाळावा?

अक्कलदाढ काढायची आहे, पडलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट बसवायचे आहे किंवा रूट कॅनाल केलेली दाढ पुन्हा ठणकू लागली आहे. अशा वेळी दंतवैद्यांकडून हल्ली अनेकदा एक चिठ्ठी हातात पडते : ‘सीबीसीटी करून या.’ बोलीभाषेत दातांचा थ्रीडी स्कॅन. साध्या एक्स-रेपेक्षा खर्च कितीतरी जास्त आणि किरणांची मात्राही जास्त. काही रुग्णांच्या बाबतीत या स्कॅनमुळे उपचाराची दिशाच बदलते. काहींच्या बाबतीत मात्र तो करूनही उपचारात तसूभर फरक पडत नाही. आपण यातल्या कोणत्या गटात मोडतो, हे कसे ओळखायचे? हा स्कॅन नेमका काय दाखवतो आणि काय दाखवत नाही? समजून घेऊया.

सीबीसीटी म्हणजे काय?

सीबीसीटी म्हणजे ‘कोन बीम कॉम्प्युटेड टोमोग्राफी’. यातला ‘कोन’ भूमितीतला नव्हे, आइस्क्रीमचा. यंत्रातून निघणारा क्ष-किरणांचा झोत शंकूच्या आकाराचा असतो, म्हणून हे नाव. जबड्याचे हाड, दात, दातांची मुळे, सायनसची पोकळी आणि जबड्याचा सांधा या सगळ्यांचे त्रिमितीय चित्र त्यातून तयार होते. डॉक्टर संगणकावर ते हव्या त्या दिशेने ‘कापून’ पाहू शकतात.

इथे एक गल्लत नेहमी होते. दात सरळ करणाऱ्या अलाइनरच्या जाहिरातींत ‘मोफत थ्रीडी स्कॅन’ असे लिहिलेले असते, तो स्कॅन वेगळा. त्यात पेनासारखा एक छोटा कॅमेरा तोंडात फिरवून दातांचा बाहेरचा आकार टिपतात. त्यात फक्त प्रकाश वापरला जातो, क्ष-किरण नसतात. पण हिरडीखालचे, हाडातले काहीही त्यात दिसत नाही. सीबीसीटीचे काम नेमके तिथून सुरू होते.

साध्या एक्स-रेत काय दिसत नाही?

दंतवैद्याच्या खुर्चीवर बसल्या बसल्या तोंडात सेन्सर ठेवून काढतात तो छोटा एक्स-रे. दवाखान्यात त्याला ‘आरव्हीजी’ म्हणतात. कीड किती खोल गेली आहे, मुळाच्या टोकाशी पू आहे का, हे पाहायला बहुतेक वेळा तो पुरेसा असतो. दुसरा ‘ओपीजी’. यात यंत्र चेहऱ्याभोवती फिरते आणि दोन्ही जबडे एकाच लांब चित्रात दिसतात.

दोन्हींची मर्यादा एकच, ती म्हणजे सावली. हात आणि त्यामागे धरलेली पेन्सिल यांची सावली भिंतीवर पडली, तर पेन्सिल हाताला टेकली आहे की वीतभर मागे आहे, हे सावलीवरून सांगता येत नाही. एक्स-रेत दाढेचे मूळ आणि जबड्यातली नस एकमेकांवर आलेली दिसतात, तेव्हा हाच प्रश्न पडतो. त्या खरेच चिकटल्या आहेत की एक पुढे, एक मागे आहे?

ओपीजीत आणखी एक अडचण असते. चित्र प्रत्यक्षापेक्षा साधारण २० ते ३० टक्के मोठे दिसते आणि ही वाढ सगळीकडे सारखी नसते. त्यामुळे त्यावर पट्टी लावून हाडाची उंची मोजणे भरवशाचे नसते. हाडाची जाडी तर त्यात दिसतच नाही.

यंत्र काम कसे करते?

रुग्ण उभा राहतो किंवा बसतो. हनुवटी एका टेकूवर ठेवतात. डोक्याच्या एका बाजूला क्ष-किरणांची नळी आणि समोरच्या बाजूला चौकोनी सेन्सर असतो. ही जोडी डोक्याभोवती अर्धी किंवा पूर्ण फेरी मारते. साधारण १० ते ४० सेकंदांच्या या फेरीत वेगवेगळ्या कोनांतून शेकडो एक्स-रे काढले जातात. दवाखान्यातल्या मोठ्या सीटी स्कॅनमध्ये रुग्णाला आडवे झोपवून टेबल पुढे सरकवतात आणि किरणांचा झोत पंख्यासारखा चपटा असतो. इथे शंकूच्या आकाराचा झोत हवा तो सगळा भाग एका फेरीत टिपतो.

मग संगणकाचे गणित सुरू होते. शेकडो सावल्यांवरून मूळ वस्तू कशी असेल, हे तो शोधून काढतो. हे चित्र छोट्या छोट्या ठोकळ्यांचे बनलेले असते. त्यांना ‘व्हॉक्सेल’ म्हणतात. मोबाइलच्या फोटोत पिक्सेल असतात, तसेच, पण तीन मितींत.

आकडेमोड करून पाहू. ८ सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच भाग ०.२ मिलिमीटरच्या ठोकळ्यांत विभागला, तर प्रत्येक बाजूला ४०० ठोकळे बसतात. एकूण ६ कोटी ४० लाख. ठोकळा अर्धा, म्हणजे ०.१ मिलिमीटरचा केला, तर ही संख्या आठपट होते : ५१ कोटी २० लाख. चित्र जितके बारीक हवे, तितकी माहिती जास्त लागते आणि चित्र खरखरीत होऊ नये म्हणून बहुधा किरणही जास्त वापरावे लागतात. म्हणून ‘सगळ्यात भारी क्वालिटीचा, पूर्ण तोंडाचा’ स्कॅन हा प्रत्येकासाठी सर्वोत्तम पर्याय नसतो.

हे तंत्र आले कुठून?

जर्मनीत विल्हेल्म राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला तो नोव्हेंबर १८९५ मध्ये. त्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये जर्मन दंतवैद्य ओटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्याच दातांचा एक्स-रे काढला. त्यासाठी त्यांना २५ मिनिटे किरणांसमोर राहावे लागले होते. आज हे काम सेकंदाच्या काही अंशात होते.

सीटी स्कॅन ब्रिटनमध्ये गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी विकसित केला. १९७१ मध्ये लंडनजवळच्या रुग्णालयात पहिला रुग्ण तपासला गेला आणि १९७९ मध्ये हाउन्सफील्ड व अॅलन कॉरमॅक यांना नोबेल मिळाले. शंकूच्या झोतासाठी लागणारी गणिती पद्धत मात्र एका मोटार कंपनीतून आली. फोर्डच्या संशोधन विभागातील फेल्डकॅम्प, डेव्हिस आणि क्रेस यांनी १९८४ मध्ये ती मांडली. यंत्रांचे भाग न तोडता आतून तपासता यावेत, हे या संशोधनामागचे काम होते.

दातांसाठी खास यंत्रे १९९० च्या दशकाच्या अखेरीस आली. इटलीतील संशोधकांनी १९९८ मध्ये ‘न्यूटॉम’ या यंत्राबद्दल शोधनिबंध प्रसिद्ध केला. जवळपास त्याच सुमारास जपानमध्ये योशिनोरी अराई आणि सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे असेच यंत्र तयार केले.

अक्कलदाढेसाठी हा स्कॅन लागतोच का?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे.

खालच्या जबड्याच्या हाडात एक बोगदा असतो. त्यातून जाणारी नस खालचा ओठ आणि हनुवटीला संवेदना देते. आडवी अडकलेली अक्कलदाढ काढताना या नसेला धक्का लागला, तर ओठ बधिर होतो. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते. थोड्यांच्या बाबतीत बधिरपणा कायम राहतो. चहा ओठावरून ओघळला तरी कळत नाही, दाढी करताना कापले तरी कळत नाही. त्यामुळे ही भीती खोटी नाही.

ओपीजीत काही धोक्याच्या खुणा दिसतात. बोगद्याची पांढरी कडा मुळापाशी तुटलेली दिसणे, मुळावर काळा पट्टा दिसणे, बोगदा अचानक वळलेला किंवा अरुंद झालेला दिसणे. अशी खूण असेल, तर नस मुळाच्या गालाकडच्या बाजूला आहे, जिभेकडच्या बाजूला आहे की दोन मुळांच्या मधून जाते, हे सीबीसीटी सांगतो. त्यावरून शल्यविशारद दाढ कुठून कापायची हे ठरवतात. कधी कधी मुळे आत ठेवून फक्त वरचा भाग काढण्याचा निर्णयही होतो.

मात्र, युरोपात झालेल्या तुलनात्मक अभ्यासांत, आधी सीबीसीटी केलेल्या रुग्णांत नसेच्या इजा ओपीजीवर भागवलेल्या रुग्णांपेक्षा लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे आढळले नाही. त्यामुळे दंत व मुख क्ष-किरणशास्त्राच्या युरोपीय अकादमीने २०१९ मध्ये भूमिका घेतली, की अक्कलदाढ काढण्यापूर्वी सरसकट सीबीसीटी करू नये. साध्या एक्स-रेवरून उत्तर न मिळणारा एखादा नेमका प्रश्न डॉक्टरांपुढे असेल, तरच करावा. अक्कलदाढ सरळ उगवलेली असेल आणि ओपीजीत नसेपासून दूर दिसत असेल, तर स्कॅनमधून नवे काही कळण्याची शक्यता कमीच.

इम्प्लांटसाठी त्याचा काय उपयोग?

इथे सीबीसीटीचा उपयोग बराच ठोस आहे. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. तो बसवण्यापूर्वी तीन गोष्टी मोजाव्या लागतात : हाडाची उंची, हाडाची जाडी आणि धोक्याच्या जागेपासूनचे अंतर. खाली ही धोकादायक जागा म्हणजे नसेचा बोगदा. त्यापासून साधारण २ मिलिमीटर अंतर राखण्याचा प्रघात आहे. वरच्या जबड्यात मागच्या दाढांच्या वर सायनसची पोकळी असते. दाढ काढून बरीच वर्षे झाली असतील, तर मधले हाड झिजून पातळ झालेले असते. अशा वेळी आधी हाड भरावे लागेल का, हे स्कॅनवरून समजते.

दात काढल्यावर हाड बाहेरच्या बाजूने झिजते. वरून हिरडी भरलेली दिसते, पण आत हाड सुरीच्या पात्यासारखे निमुळते झालेले असू शकते. ओपीजीत हे कळत नाही. सीबीसीटी आणि तोंडातला प्रकाशाचा स्कॅन एकमेकांवर जुळवून, थ्रीडी प्रिंटरवर ‘सर्जिकल गाइड’ही तयार करतात. दातांवर बसणाऱ्या या साच्याला भोक असते. त्यातूनच ड्रिल जाते, त्यामुळे दिशा आणि खोली चुकण्याची शक्यता कमी होते.

रूट कॅनालमध्ये त्याची गरज कधी?

पहिल्यांदाच होणाऱ्या साध्या रूट कॅनालला सहसा नसते. ते करूनही दुखणे थांबत नसेल, तेव्हा कारण शोधायला सीबीसीटी मदत करतो. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेचे उदाहरण घ्या. तिला तीन मुळे असतात, म्हणून तीन नलिका असतील असे वाटते. पण अर्ध्याहून अधिक लोकांत पुढच्या मुळात दुसरी बारीक नलिका लपलेली असते. ती साफ व्हायची राहिली, तर जंतुसंसर्ग आत तसाच राहतो. साध्या एक्स-रेत दोन्ही नलिका एकामागे एक येतात आणि एकच दिसते.

मुळाच्या टोकाशी हाड खराब झाले असेल, तरी ते साध्या एक्स-रेत लवकर दिसत नाही. आतले जाळीदार हाड पोखरले गेले, तरी बाहेरचे कठीण कवच शाबूत असेपर्यंत सावली पडत नाही. सीबीसीटीत ही पोकळी आधी दिसू शकते.

अमेरिकेतील रूट कॅनाल तज्ज्ञांची आणि मुख क्ष-किरणतज्ज्ञांची संघटना या दोघांच्या संयुक्त भूमिकेनुसार, लक्षणे किंवा तपासणीतून कारण नसताना केवळ चाळणी म्हणून सीबीसीटी करू नये. करायचाच तर तेवढ्याच भागाचा छोटा स्कॅन करावा. एका दाढेच्या दुखण्यासाठी दोन्ही जबड्यांचा स्कॅन लिहून दिला असेल, तर कारण जरूर विचारा.

मुलांच्या वाकड्यातिकड्या दातांसाठी स्कॅन करावा का?

तारा लावण्यापूर्वी प्रत्येक मुलाचा सीबीसीटी करण्याची गरज नसते. बहुतेकांचे नियोजन दातांचे साचे, फोटो, ओपीजी आणि चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक्स-रे यांवर होते.

काही वेळा मात्र तो लागतो. वरचा सुळा साधारण ११-१२ व्या वर्षी येतो. तो आलाच नाही आणि हिरडीवर बोट फिरवून त्याचा उंचवटाही लागला नाही, तर तो हाडात तिरका अडकलेला असू शकतो. तो टाळूकडे आहे की ओठाकडे, आणि शेजारच्या पटाशीच्या दाताचे मूळ त्याने खाल्ले आहे का, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. दुभंगलेल्या टाळूसह जन्मलेल्या मुलांत हिरडीच्या फटीत हाड भरण्याची शस्त्रक्रिया असते. किती हाड लागेल, हे ठरवायलाही हा स्कॅन उपयोगी पडतो.

मुलांच्या बाबतीत वेगळी काळजी का? वाढत्या पेशींवर किरणांचा परिणाम जास्त होतो आणि पुढचे आयुष्यही लांब असते. ‘सेडेन्टेक्स सीटी’ या युरोपीय प्रकल्पाच्या २०१२ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार, तिशीतील व्यक्तीच्या तुलनेत १० वर्षांखालील मुलाचा धोका सुमारे तिप्पट धरला जातो. मुलांवरील अशा स्कॅनच्या वाढत्या वापराबद्दल ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने नोव्हेंबर २०१० मध्ये सविस्तर वृत्त देऊन प्रश्न उपस्थित केले होते. २०१४ मध्ये मुलांसाठी किरणांची मात्रा कमी ठेवण्याची ‘इमेज जेंटली’ ही मोहीम दंतवैद्यकापर्यंत पोहोचली.

गुटखा, खर्रा खाणाऱ्यांसाठी काय?

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी गुटखा, खर्रा, मावा आणि सुपारीमुळे तोंड आखडलेले रुग्ण दंत महाविद्यालयांत रोज दिसतात. गालाच्या आतला भाग दोरीसारखा ताठ होतो आणि दोन बोटेही आत जात नाहीत. अशा रुग्णाच्या तोंडात एक्स-रेचा सेन्सर ठेवता येत नाही. ओपीजी किंवा सीबीसीटीत सगळे काम तोंडाबाहेरून होते, त्यामुळे तपासणी शक्य होते.

पण इथे एक धोकाही आहे. गालावर, जिभेवर पांढरा-लाल चट्टा असेल किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर सीबीसीटीत ती दिसत नाही. ‘स्कॅन नॉर्मल आला’ म्हणून निश्चिंत होणे चुकीचे. कर्करोगाचे निदान तुकडा काढून केलेल्या तपासणीतूनच, म्हणजे बायोप्सीतून होते. कर्करोगाने जबड्याचे हाड पोखरले असेल, तर ते सीबीसीटीत कळू शकते. मानेतल्या गाठींपर्यंत तो पसरला आहे का, यासाठी मात्र वेगळ्या तपासण्या लागतात.

करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, २०२१ मध्ये राज्यात म्युकरमायकोसिसचे हजारो रुग्ण आढळले. अनेकांच्या वरच्या जबड्याचे हाड काढावे लागले. आजार डोळ्यापर्यंत, मेंदूपर्यंत पोहोचला आहे का, हे पाहायला तेव्हा एमआरआय आणि मोठा सीटी स्कॅनच महत्त्वाचे होते. मात्र, बरे झालेल्यांना पुन्हा दात बसवताना, जबडा उरलेला नसल्याने गालाच्या हाडात लांब इम्प्लांट बसवण्यासारखे उपाय करावे लागतात. असे नियोजन त्रिमितीय स्कॅनशिवाय करणे अवघड असते.

सीबीसीटीत काय दिसत नाही?

हिरडी, जीभ, गाल, लाळग्रंथी असे मऊ भाग यात नीट वेगळे दिसत नाहीत. शंकूच्या मोठ्या झोतामुळे किरण आत विखुरतात आणि मऊ भागांतला सूक्ष्म फरक पुसला जातो. जबड्याच्या सांध्याचे हाड दिसते, पण त्यातली मऊ चकती दिसत नाही. त्यासाठी एमआरआय लागतो.

दुसरी अडचण धातूची. कॅप, चांदीचे भरण, आधीचे इम्प्लांट यांच्याभोवती पांढरे-काळे पट्टे उमटतात. रूट कॅनाल झालेल्या दातात असा काळा पट्टा मुळाला गेलेल्या तड्यासारखा दिसू शकतो. उलट, खरा तडा व्हॉक्सेलपेक्षा बारीक असेल तर दिसतही नाही. त्यामुळे अशा दातात ‘तडा आहे’ किंवा ‘तडा नाही’ हे फक्त स्कॅनवर ठरवून दात काढणे योग्य नाही. हिरडीची खोली मोजणे, चावून पाहणे, सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे यांची जोड लागते.

तिसरी गोष्ट हाडाच्या घनतेची. मोठ्या सीटी स्कॅनमध्ये घनता ‘हाउन्सफील्ड युनिट’मध्ये मोजतात. सीबीसीटीत हे आकडे तितके विश्वासार्ह नसतात. यंत्र बदलले, डोक्याची जागा बदलली तरी ते बदलतात. रिपोर्टवरच्या अशा आकड्यावरून ‘माझे हाड कमकुवत आहे’ असा निष्कर्ष काढू नका.

किरणांची मात्रा किती असते?

किरणांची शरीरावरील परिणामकारक मात्रा मायक्रोसिव्हर्टमध्ये मोजतात. माती, हवा, अन्न आणि अवकाशातून आपल्याला नैसर्गिक किरण सतत मिळतच असतात. जगाची सरासरी वर्षाला सुमारे २,४०० मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला साडेसहाच्या आसपास. या हिशेबाने ‘सेडेन्टेक्स सीटी’ने दिलेले आकडे पाहू.

• तोंडातला छोटा एक्स-रे : दीड मायक्रोसिव्हर्टपेक्षा कमी. म्हणजे काही तासांचे नैसर्गिक किरण.
• ओपीजी : सुमारे ३ ते २४. म्हणजे अर्धा दिवस ते चार दिवस.
• दात व जबड्याचा सीबीसीटी : ११ ते ६७४, मध्यक ६१. म्हणजे दोन दिवसांपासून १०० दिवसांपर्यंत. मध्यक नऊ दिवसांचा.
• जबड्याचा मोठा सीटी स्कॅन : २८० ते १,४१०. म्हणजे सुमारे दीड ते सात महिने.

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे सीबीसीटीच्या आकड्यांमधली तफावत. नाव एकच, पण किमान आणि कमाल मात्रेत सुमारे ६० पट फरक. यंत्र कोणते, किती भागाचा स्कॅन, किती बारीक चित्र, यावर ती ठरते. म्हणजे ‘स्कॅन करावा का’ इतकाच ‘केवढ्या भागाचा करावा’ हा प्रश्नही महत्त्वाचा. गरज असताना एका स्कॅनचा धोका अगदी लहान असतो, त्याला घाबरून तो टाळू नये. गरज नसताना मात्र तेवढा धोका तरी का घ्यायचा?

गर्भवती महिलांनी आधीच कल्पना द्यावी. पोटापर्यंत पोहोचणारे किरण नगण्य असतात, पण तातडी नसेल तर तपासणी पुढे ढकलता येते. शिशाच्या एप्रनबाबत अमेरिकन डेंटल असोसिएशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये भूमिका बदलली. आधुनिक यंत्रांत झोत नेमका असल्याने दातांच्या तपासण्यांत एप्रन व गळपट्टा आवश्यक नाही, असे आता ती म्हणते. आपल्याकडे अनेक केंद्रांत एप्रन घालतात. घातला म्हणून स्कॅनचे क्षेत्र हवे तेवढे वाढवता येते, असे मात्र नाही.

भारतात नियम काय आहेत?

क्ष-किरण यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे, म्हणजे एईआरबीचे नियंत्रण असते. मंडळाचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. २००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनुसार दातांचे एक्स-रे यंत्र चालवायलाही मंडळाची परवानगी लागते. ती ‘ई-लोरा’ या ऑनलाइन प्रणालीतून मिळते. केंद्राकडे परवानगी आहे का, हे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

खर्च शहरागणिक आणि स्कॅनच्या आकारागणिक बदलतो. ओपीजी साधारण काही शे रुपयांत होते, तर सीबीसीटीला काही हजार लागू शकतात. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय, नागपूर व छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालये, गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय इथे मुख क्ष-किरण विभागात आधी चौकशी करता येईल. तिथे हा स्कॅन होतो का, दर किती, नंबर कधी लागेल, हे फोन करून विचारलेले बरे.

डॉक्टरांना काय विचारावे?

• ‘डॉक्टर, या स्कॅनमधून तुम्हाला नेमके काय पाहायचे आहे?’ उत्तर एका वाक्यात मिळायला हवे. ‘नस मुळाच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहायचे आहे’ हे उत्तर झाले. ‘सगळ्यांचाच करतो’ हे उत्तर नव्हे.
• ‘रिपोर्ट असा आला तर काय कराल, आणि तसा आला तर काय?’ दोन्ही वेळा उपचार तोच राहणार असेल, तर स्कॅनची गरज पुन्हा तपासून पाहायला सांगा.
• ‘किती भागाचा स्कॅन हवा आहे?’ एक दात, एक जबडा की दोन्ही, हे चिठ्ठीवर लिहून घ्या.
• ‘माझा जुना स्कॅन चालेल का?’ आधीचा असेल तर दाखवा.

स्कॅनला जाताना काय लक्षात ठेवावे?

कानातले, नथ किंवा चमकी, गळ्यातली साखळी, मंगळसूत्र, चष्मा, श्रवणयंत्र आणि काढता येणारी कवळी काढून ठेवा. फेरी चालू असताना गिळू नका, जीभ हलवू नका. थोडे हलले तरी चित्र पुसट होते आणि स्कॅन पुन्हा करावा लागतो, म्हणजे किरणही पुन्हा.

निघताना फक्त छापील फिल्म घेऊ नका. ‘डायकॉम’ स्वरूपातली मूळ फाइल सीडीवर, पेनड्राइव्हवर किंवा लिंकने मागून घ्या. फिल्मवर निवडक छेद असतात, फाइलमध्ये पूर्ण स्कॅन असतो. उद्या दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा झाला, तर स्कॅन पुन्हा करावा लागत नाही. फाइल मोबाइलवरही जपून ठेवता येते.

सोबत लेखी रिपोर्टही घ्या. आपल्याला एकाच दाढेची चिंता असली, तरी स्कॅनमध्ये सायनस, शेजारचे दात, जबड्याचे हाड असे बरेच काही आलेले असते. युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार स्कॅनमध्ये आलेला सगळा भाग तपासला गेला पाहिजे. लक्षणे नसलेली एखादी गाठ अशाच वेळी सापडते. त्यामुळे रिपोर्टवर मुख क्ष-किरणतज्ज्ञांची किंवा स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांची सही आहे ना आणि त्यात फक्त दुखऱ्या दाताचाच उल्लेख नाही ना, हे घरी येण्यापूर्वी पाहून घ्या.